पहिले रेंडरिंग सॉफ्टवेअर निवडताना: इंटिरियर आणि वास्तुरचनेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

नोकरी सोडून पुण्यात स्वतःचे इंटिरियरचे काम सुरू केले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी एका रेंडरिंग सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकातल्या मॉडेलवरून खऱ्यासारखे चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, वर्षभराची वर्गणी भरली. निवडीचा आधार एकच होता, तो म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरची चित्रे. बर्फाळ डोंगराच्या कडेला काचेचे घर, आत पेटलेली शेकोटी आणि बाहेर सूचिपर्णी झाडे पाहून माझे मन भरून आले. प्रत्यक्षात माझ्या लॅपटॉपचे ग्राफिक कार्ड होते चार जीबीचे आणि पहिले काम होते सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेचे. मॉडेल उघडले, सोफा ठेवला, पडदे लावले आणि सॉफ्टवेअर बंद पडले. पुढचे अकरा महिने त्या वर्गणीचा मला काहीही उपयोग झाला नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, क्रमाची होती: आधी काम, मग मॉडेल करण्याचे साधन, मग संगणक आणि सर्वांत शेवटी रेंडरिंगचे सॉफ्टवेअर, असा विचार करायला हवा होता, आणि मी तो नेमका उलटा केला. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

१. चित्र कोण पाहणार आणि पाहून काय ठरवणार, ते लिहून काढा

गेल्या सहा महिन्यांत तुम्ही केलेली किंवा येत्या सहा महिन्यांत अपेक्षित असलेली कामे कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे चित्राचा उपयोग लिहा. क्लायंटसमोर बसून टीव्ही युनिटचा रंग ठरवायचा असेल, तर चित्र काही सेकंदांत बदलता यायला हवे आणि ते थोडे कमी देखणे असले तरी चालते. बिल्डरच्या माहितीपत्रकासाठी पूर्ण इमारतीचा संध्याकाळचा व्ह्यू हवा असेल, तर एका चित्रामागे एक रात्र गेली तरी हरकत नसते, पण बाल्कनीच्या कठड्याची काच काचेसारखीच दिसली पाहिजे. वॉकथ्रूची, म्हणजे घरातून फिरत असल्यासारख्या व्हिडिओची, गरज ही तिसरीच गोष्ट आहे. सुताराला द्यायचे चित्र या यादीत धरू नका, मी एकदा अत्यंत देखणा व्ह्यू साइटवर पाठवला होता आणि सुतारकाकांनी तो दोन मिनिटे न्याहाळून विचारले, "मॅडम, यात माप कुठंय?" त्यांना रेखाचित्रच लागते.

वॉकथ्रूचा हिशेब येथेच करून ठेवावा, कारण नवख्या माणसाचा अंदाज सर्वांत जास्त तेथे चुकतो. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या, तर एका मिनिटाच्या वॉकथ्रूला १,५०० चौकटी लागतात. एका चौकटीला पाच मिनिटे लागत असतील, तर ७,५०० मिनिटे, म्हणजे १२५ तास, म्हणजे संगणक अखंड पाच दिवसांहून अधिक काळ चालू. तीच चौकट दहा सेकंदांत होत असेल, तर काम सव्वाचार तासांच्या आत संपते. ज्यांच्या यादीत वॉकथ्रू वारंवार येतो, त्यांची अर्धी निवड या हिशेबातच होऊन जाते.

२. दोन घराण्यांमधला फरक समजून घ्या

बाजारातील नावे पुष्कळ असली, तरी कामाच्या पद्धतीवरून त्यांची मोटामोटी दोन घराणी पडतात.

पहिले घराणे प्रकाशाचा माग काढणाऱ्यांचे. कॅमेऱ्यातून निघालेला किरण भिंतीवर आदळतो, तेथून फरशीवर, फरशीवरून छताला, आणि अशा असंख्य किरणांची सरासरी काढून चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा (पिक्सेलचा) रंग ठरतो. किरण कमी सोडले तर चित्रात रवाळ दाणे दिसतात, ज्याला आपण सगळे 'नॉइज' म्हणतो. किरण वाढवले की दाणे कमी होतात आणि वेळ वाढतो. व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडरमधील सायकल्स ही या घराण्यातली नावे. कोरोना प्रागमध्ये घडले आणि २०१७ मध्ये व्ही-रे बनवणाऱ्या केऑस या कंपनीने ते विकत घेतले, त्यामुळे आज ही दोन्ही एकाच छपराखाली आहेत.

दुसरे घराणे तत्काळ चित्र दाखवणाऱ्यांचे. एन्स्केप, लुमियन, ट्विनमोशन आणि डी-फाइव्ह रेंडर ही सॉफ्टवेअर संगणकावरच्या खेळांच्या तंत्रज्ञानाच्या अंगाने वाढली. तुम्ही भिंत सरकवली की चित्रही तेवढ्यातच बदलते. पूर्वी यांत अप्रत्यक्ष प्रकाश बराचसा अंदाजाने दाखवला जाई. २०१८ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डे आल्यानंतर किरणांचा खरा हिशेब यांनाही बऱ्याच प्रमाणात परवडू लागला. त्यामुळे 'हे झटपट पण खोटे, ते संथ पण खरे' ही जुनी विभागणी आता तितकीशी उरलेली नाही. तरीही फॉल्स सीलिंगच्या कोव्हमधून (दिवे लपवलेल्या खाचेतून) येणारा मऊ उजेड, जाळीदार पडद्यातून गाळून येणारी दुपार आणि एकमेकांसमोरचे आरसे या तीन ठिकाणी पहिल्या घराण्याचे चित्र अजूनही अधिक विश्वासाचे असते, असे माझे मत आहे.

पहिल्या घराण्यातील एका सोयीकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. कोरोनामध्ये आणि व्ही-रेच्या पाचव्या आवृत्तीपासून 'लाइट मिक्स' मिळतो. चित्र पूर्ण झाल्यानंतरही प्रत्येक दिव्याची तीव्रता आणि रंग वेगळा बदलता येतो, पुन्हा रेंडर करावे लागत नाही. "तो पिवळा उजेड नको, पांढरा करून दाखवा," हे वाक्य तुम्ही ज्या घरात काम कराल त्या प्रत्येक घरात ऐकाल. पिवळसर ३,००० केल्विनवरून पांढऱ्या ४,००० केल्विनवर जायला पुन्हा दीड तास थांबावे लागत नसेल, तर संथ सॉफ्टवेअरही व्यवहारात पुरेसे वेगवान ठरते.

३. मॉडेल कशात करता, त्यावरून यादी छाटा

येथे आवडीनिवडीला फारशी जागा नाही. कोरोना केवळ थ्रीडीएस मॅक्स आणि सिनेमा फोरडी या मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरसोबत चालते. तुम्ही स्केचअपमध्ये काम करत असाल, तर कोरोना घेण्याचा अर्थ दुसरे महागडे सॉफ्टवेअरही शिकणे असा होतो. व्ही-रे स्केचअप, रायनो, रेव्हिट आणि मॅक्समध्ये मिळते. एन्स्केप हे स्केचअप, रेव्हिट, रायनो, आर्चिकॅड आणि व्हेक्टरवर्क्स यांच्या आतच उघडते, म्हणून ज्यांना नवी खिडकी, नवी बटणे नको वाटतात त्यांना ते लवकर हाताला बसते. लुमियन, ट्विनमोशन आणि डी-फाइव्ह स्वतंत्र आहेत, पण तुमच्या मॉडेलशी थेट जोडून ठेवता येतात. तुम्ही स्केचअपमध्ये दार हलवले की तिकडेही हलते. ब्लेंडर पूर्णतः विनामूल्य आणि मुक्त आहे, त्यात मॉडेल आणि रेंडर दोन्ही होते, मात्र स्केचअपची फाइल ते आपणहून उघडत नाही आणि मधल्या रूपांतरात मटेरियलची नावे व पोत बिघडण्याचा त्रास होतो.

मॅक वापरणाऱ्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा. थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालते. डी-फाइव्ह आणि मुख्य लुमियन यांचेही तसेच आहे. ट्विनमोशन, ब्लेंडर आणि स्केचअपसाठीचे व्ही-रे व एन्स्केप मॅकवर मिळतात, परंतु विंडोजवरील प्रत्येक सोय तेथे असेलच असे गृहीत धरू नका. पाहिजे ती सोय नावानिशी शोधून खात्री करा.

४. संगणकाची खरी ताकद मोजा

दुकानदार प्रोसेसरचे नाव सांगतो, लॅपटॉपवरच्या चिकटपट्टीवर कार्डाचे नाव असते, पण ज्या आकड्यावर सगळे अडते तो आकडा विचारावा लागतो: ग्राफिक कार्डाची स्वतःची मेमरी किती? कार्डावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचे संपूर्ण दृश्य त्या मेमरीत मावावे लागते. ४,०९६ बाय ४,०९६ बिंदूंचे एक पोताचे (टेक्स्चरचे) चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) न ठेवता भरले, तर सुमारे ६४ एमबी जागा घेते. त्याच्या दुप्पट बाजूचे चित्र चौपट, म्हणजे २५६ एमबी. एका लाकडी मटेरियलला रंगाचे, चकाकीचे, उठावाचे अशी तीन-चार चित्रे लागतात. अशी दहा मोठी मटेरियल जमली की आठ जीबीचे कार्ड सोफा ठेवण्याआधीच भरत येते. सॉफ्टवेअर यातील बरेचसे दाबून ठेवते, तरी दिशा कळण्यास हा हिशेब पुरेसा आहे. इंटिरियरसाठी मी आज आठ जीबी ही किमान आणि बारा जीबी ही सुखाची पातळी मानते. ज्यांच्याकडे जुने कार्ड पण चांगला प्रोसेसर आणि ३२ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम आहे, त्यांनी प्रोसेसरवर चालणारे कोरोना किंवा व्ही-रेचा प्रोसेसरवर चालणारा प्रकार आधी तपासावा. नवे यंत्र घ्यावे लागणारही नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी एक कटू गोष्ट: एकाच नावाचे कार्ड लॅपटॉपमध्ये आणि टेबलावरच्या संगणकात सारख्या ताकदीचे नसते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बंद खोलीत लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो; रात्री चाळीस मिनिटांत होणारे चित्र दुपारी तासावर जाते. रात्रभराचे रेंडर लावणार असाल, तर यूपीएस हवाच. अर्धवट राहिलेले रेंडर तेथूनच पुढे चालू करण्याची सोय व्ही-रे आणि कोरोनामध्ये आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. वीज गेल्यावर ती शोधून उपयोग नसतो. मी शोधली आहे.

५. कसोटीची खोली तयार करा

या लेखातील एकच टप्पा पाळायचा असेल, तर हा पाळा. इतरांची चित्रे पाहून निवड करू नका. स्वतःची एक खोली तयार करा आणि तीच खोली प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये लावून पाहा. माझी कसोटीची खोली बारा बाय पंधरा फुटांचा हॉल आहे. पश्चिमेला बाल्कनीचे सरकते दार आणि त्यावर पातळ पडदा, छताला कोव्ह, खाली ८०० बाय १६०० मिलिमीटरच्या चकचकीत फरश्या, एका भिंतीवर विनिअरचे टीव्ही युनिट आणि कोपऱ्यात पांढऱ्या कोरियन या कृत्रिम दगडासारख्या पत्र्याचे छोटे देवघर, त्यात पितळी समई. या प्रत्येक वस्तूमागे कारण आहे. पितळ आणि चकचकीत फरशी प्रतिबिंब तपासतात, पडदा आरपार प्रकाश तपासतो, कोव्ह अप्रत्यक्ष उजेड तपासतो आणि देवघराची पांढऱ्यावर पांढरी रचना तर भल्याभल्यांना उघडे पाडते. भिंतीला पूर्ण पांढरा रंग देऊ नका. खरी पांढरी भिंतही काही प्रकाश गिळते, म्हणून पूर्ण पांढऱ्याच्या साधारण ८० टक्क्यांच्या आसपास थांबा, नाहीतर खोली धुऊन काढल्यासारखी दिसेल आणि दोष तुम्ही सॉफ्टवेअरला द्याल.

चाचणी-आवृत्तीसाठी नाव नोंदवले की दिवस मोजणे सुरू होते. म्हणून नोंदणीआधी पुढील सामग्री एका फोल्डरमध्ये तयार ठेवा:

- कसोटीच्या खोलीचे स्वच्छ मॉडेल, खऱ्या मापात, प्रत्येक मटेरियलला वेगळे नाव दिलेले
- तुम्ही नेहमी वापरता त्या लॅमिनेट, विनिअर आणि फरशीची चित्रे. लॅमिनेटचा पूर्ण पत्रा आठ बाय चार फुटांचा असतो, त्या मापातच पोत बसवा
- वापरणार असलेल्या दिव्यांच्या आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कसा पसरतो ते सांगणाऱ्या), दिव्याच्या कंपनीकडून मागवलेल्या
- एक-दोन एचडीआरआय आकाशे (दृश्याला चहूबाजूंनी उजेड देणारी आकाशाची चित्रे). पॉली हेवन या संग्रहात ती कोणत्याही अटीविना विनामूल्य मिळतात
- त्याच प्रकारच्या खऱ्या खोलीचे तुम्ही स्वतः काढलेले छायाचित्र, तुलनेसाठी
- घड्याळ आणि वही

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रकारची वेळ मोजा. पहिली, मॉडेल आणल्यापासून दाखवण्याजोगे चित्र मिळेपर्यंतची. दुसरी, अंतिम आकाराचे चित्र पूर्ण होण्याची. आणि येथे आकार खराच अंतिम ठेवा, कारण ए-थ्री कागदावर ३०० डीपीआयने छापायचे चित्र ४,९६१ बाय ३,५०८ बिंदूंचे असते, जे १,९२० बाय १,०८० च्या चित्राच्या आठपटीहून मोठे आहे. छोट्या चित्रावरून वेळेचा अंदाज बांधून मी एकदा क्लायंटला सकाळी अकराची वेळ दिली होती आणि अकरा वाजता पडद्यावर चित्राचा वरचा तिसरा हिस्सा होता. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वेळ बदलाची: फरशी बदला, सोफा डावीकडे घ्या, दिवे पांढरे करा, आणि नवे चित्र हातात पडेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहा.

सूर्याचा सापळा

या चाचणीत एक चूक हमखास होते, म्हणून तिला वेगळी जागा देते. स्केचअपमध्ये ठिकाण बदलले नाही, तर मॉडेल अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी उभे आहे असे धरले जाते. बोल्डर सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंश उंच असतो, तर बोल्डरला जेमतेम साडेसव्वीस. दहा फूट उंच भिंतीची सावली येथे नऊ फूट पडते, तेथे वीस. त्यामुळे ठिकाण न बदलता काढलेल्या चित्रात हिवाळ्याचे ऊन हॉलच्या पार आतपर्यंत लोळण घेते, क्लायंट हरखतो, आणि घर बांधून झाल्यावर ते ऊन खिडकीच्या आसपासच थांबते. उलट जूनमध्ये पुण्याचा माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागते. बोल्डरच्या दुपारच्या सूर्याने ते कधीच दिसणार नाही. ठिकाण, उत्तर दिशा आणि वेळ या तिन्ही गोष्टी मॉडेलमध्ये आधी बसवा आणि रेंडरिंगचे सॉफ्टवेअर त्या उचलते की स्वतःचेच आकाश लावते, हे तपासा.

६. झाडे, माणसे आणि सामान

तयार वस्तूंचा संग्रह किती मोठा आहे, याच्या जाहिरातींना भुलू नका. त्यात तुमच्या कामाचे काय आहे ते पाहा. युरोपातील बर्च आणि मेपल भरपूर असतात. गुलमोहर, बहावा, सोनचाफा, तुळशी वृंदावन, कडाप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, छताचा पंखा, भिंतीवरचा एसी हे शोधा आणि मग मत बनवा. कोकणातल्या घरामागे बर्चची रांग दिसली की चित्र परके वाटते, आणि क्लायंटला कारण सांगता येत नसले तरी खटकते. जे मिळत नाही ते एकदा स्वतः करून ठेवावे लागते, म्हणून बाहेरच्या वस्तू किती सहज आत आणता येतात, हा प्रश्न संग्रहाच्या आकारापेक्षा महत्त्वाचा आहे.

७. परवाना आणि पैसा

बहुतेक सॉफ्टवेअर आता महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. दर सतत बदलतात, म्हणून ते येथे देत नाही. तुम्ही दर पाहाल तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी, परकीय चलनाचे बँकेचे शुल्क आणि मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरची वेगळी वर्गणी मिळवूनच तुलना करा. परवाना एका व्यक्तीचा आहे की कार्यालयात आळीपाळीने वापरता येतो, हेही विचारा. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त परवान्यावर पैसे घेऊन काम करणे सहसा अटींत बसत नाही; मॅडम-सरांच्या नजरेआड झाले म्हणून ते चालते असे नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना खर्च टाळण्याचे प्रामाणिक मार्ग पुष्कळ आहेत. वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना ट्विनमोशन विनामूल्य आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांची उलाढाल त्या रेषेच्या कितीतरी अलीकडे असते. डी-फाइव्हची मर्यादित सोयींची विनामूल्य आवृत्ती मिळते. ब्लेंडरला तर व्यावसायिक कामासाठीही पैसे लागत नाहीत.

हे असताना 'क्रॅक', म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, का वापरावा, ते मला समजत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. दुसरा धोका अधिक रोजचा आहे. थ्रीडीएस मॅक्सच्या फाइलमधून पसरणाऱ्या घातक स्क्रिप्ट वर्षानुवर्षे फिरत आहेत. कुठूनतरी उतरवलेल्या एका फुकट सोफ्यासोबत ती आत येते आणि मग तुमच्या प्रत्येक फाइलमध्ये शिरते. मॅक्स बनवणाऱ्या ऑटोडेस्कने त्यासाठी तपासणीचे साधन दिले आहे, ते बसवून ठेवा.

८. बिल्डरचे काम घेणार असाल तर

विक्रीसाठीच्या चित्रांना कायद्याची बाजू असते. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. जबाबदारी प्रवर्तकाची असली, तरी समोरच्या मोकळ्या जागेत तुम्ही सजावट म्हणून लावलेली बाग उद्या वादाचा विषय होऊ शकते. म्हणून मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या, नकाशात नसलेले काही चित्रात घालण्यास सांगितले तर ते लेखी घ्या. शब्दांवरून किंवा रेखाटनावरून चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही याच कारणाने मी अंतिम चित्रासाठी वापरत नाही. ती देखणे चित्र देतात आणि देता देता खिडकी फूटभर सरकवतात किंवा एक खांब गिळून टाकतात.

९. निवड झाल्यावर

पहिले तीन महिने शक्यतो महिन्याच्याच वर्गणीवर काढा, ती वर्षाच्या हिशेबाने महाग पडली तरी. एक काम चालू असताना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवू नका. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच याची खात्री नसते आणि तुमचा सहकारी जुन्यावरच असतो. क्लायंटला चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, अन्यथा रात्रभर राबून काढलेले बारकावे पाठवतानाच दाबून जातात. आणि वर्गणी घेतल्या दिवशीच, पावती ईमेलमध्ये पडण्याआधी, आपोआप नूतनीकरणाची तारीख शोधून तिच्या दहा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. माझ्या त्या पहिल्या सॉफ्टवेअरची दुसऱ्या वर्षाची रक्कमही खात्यातून गेली होती.